आवराआवरीवरचा प्रबंध

इस्पितळाच्या नेटवर्क विभागात अठरा वर्षं काढल्यावर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी काकूंनी एम.टेक.ला नाव घातलं. हौस म्हणून नव्हे. विभागप्रमुखाला पदव्युत्तर पदवी हवी असा नियम निघाला, आणि ज्याला केबलला टोक बसवायला काकूंनीच शिकवलं होतं, तोच त्यांचा साहेब होऊन बसला. ‘काकू’ हे नाव वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

घरी सासूबाईंना हे प्रकरण शेवटपर्यंत उमगलं नाही. “अगं, वायरी जोडायला येतातच ना तुला? मग शिकतेस काय, सोडायला?”

नवरा भला माणूस. पण “बघ बाई, झेपतंय का” हे वाक्य त्याने दोन वर्षं रोज सकाळी ऐकवलं. पहाटे पाचला उठून काकू जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडायच्या आणि सातच्या आत ते आवरायच्या, कारण सातला तिथे मुलीचा अभ्यास मांडला जाई.

प्रबंधाचा विषय मात्र त्यांच्याकडे तयार होता. इस्पितळात अधूनमधून अख्ख्या मजल्याचं नेटवर्क ठप्प व्हायचं. रिपोर्ट उघडत नसत, डॉक्टर फोनवर खेकसत. काकूंनी सात महिने विभागाच्या वहीत प्रत्येक पाळीकडून नोंदी ठेवून घेतल्या. एकतीस वेळा बंद पडलं, त्यातल्या एकोणीस वेळा कारण एकच. जमिनीवर लोळणारं केबलचं टोक कुणीतरी झाडताना चांगुलपणाने उचलून समोरच्या मोकळ्या भोकात खोचलेलं असायचं. दोन्ही टोकं एकाच डब्यात, म्हणजे स्विचमध्ये, गेली की संदेश गोल गोल फिरत राहतात, वाढत राहतात, आणि सगळ्यांचा श्वास कोंडतो. हा फेरा कुठल्या खोलीत आहे, हे जागेवर बसून चार मिनिटांत ओळखायची रीत काकूंनी शोधली होती.

मार्गदर्शक त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी दुसरं पान उलटलंच नाही.

“मॅडम, हा प्रश्न केव्हाच सुटलाय. स्विच स्वतःच फेरा ओळखतो आणि तोडतो.”

“चांगला स्विच ओळखतो, सर. आमच्याकडे निम्मे डबे स्वस्तातले आहेत. त्यांना काही कळत नाही.”

“मग तो खरेदीचा प्रश्न झाला, संशोधनाचा नाही.”

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली; पण प्रबंधावर सही मार्गदर्शकांचीच हवी होती. प्रबंधाचं शीर्षक तीनदा बदललं. मग फर्मान सुटलं, की खऱ्या इस्पितळातले आकडे फार अस्ताव्यस्त आहेत, संगणकावर खोटं इस्पितळ उभारा आणि त्यावर प्रयोग करा. त्यात तीन महिने गेले.

“वा! आकडे किती स्वच्छ आलेत!” मार्गदर्शक खूश झाले.

“येणारच, सर. संगणकातल्या वॉर्डात कोणी झाडलोट करत नाही.”

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानांचे क्रमांक तपासले, समासाबद्दल एक शंका काढली आणि वहीतल्या नोंदींचं प्रकरण बघून म्हणाले, “विषय मात्र वेगळा आहे हं.”

“मीच सुचवला होता,” मार्गदर्शक म्हणाले.

काकूंनी प्रबंध मिटून पिशवीत घातला. पदवी मिळाली.

पंधरा दिवसांनी मार्गदर्शकांचा फोन. या कामावर शोधनिबंध पाठवू, पहिलं नाव मार्गदर्शकांचं, तशी पद्धतच आहे. आता सहीची गरज उरली नव्हती. दोन वर्षांचं सगळं काकूंच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. “सर, तुम्ही माझ्या इस्पितळाचा जिना तरी बघितलाय का? एक दिवस या, केबली हाताने शोधा, वही वाचा. मग नाव वर घालायचं की खाली, ते बोलू!”

फोन आपटल्यावर त्यांना वाटलं, संपलं. पण सोमवारी साडेनऊला मार्गदर्शक खरोखरच दारात उभे. जुन्या कागदपत्रांच्या खोलीत ते गुडघ्यांवर रांगले, कोपर खरचटून घेतलं, दुपारपर्यंत कशाबशा अकरा केबली शोधल्या. जेवणानंतर वही घेऊन बसले आणि एकेक नोंद बोट ठेवून ताडत गेले.

“मॅडम, सतरा.”

“काय सतरा?”

“एकोणीस नाही, सतरा. हे दोन बिघाड दोन-दोनदा मोजलेत. दिवसपाळीनेही लिहिलंय आणि दुपारपाळीनेही.”

काकूंनी वही हिसकावली. दोन्ही जोड्यांत तारीख, मजला, डब्याचा नंबर, सगळं तेच. सह्या-शिक्के झालेल्या प्रबंधात चूक होती, आणि इतक्या डोळ्यांखालून जाऊन ती सापडली कुणाला, तर याला! रागाने त्यांचे कान तापले. त्यातून माणूस बरोबर होता, म्हणून राग आणखी चढला.

“हे दोन महिन्यांपूर्वी वाचलं असतंत तर?” त्या एवढंच म्हणाल्या.

“वाचायला हवं होतं,” कोपरावरची धूळ झटकत मार्गदर्शक म्हणाले. “चुकलंच माझं.”

विद्यापीठाला दुरुस्तीचा अर्ज गेला, सतराच्या हिशेबाने तक्ते पुन्हा मांडले. निबंधावर मार्गदर्शकांनी स्वतःच्या हाताने काकूंचं नाव आधी टाइप केलं आणि आपलं खाली. काकूंनी ते दोनदा वाचून खात्री करून घेतली, मगच पाठवायचं बटण दाबलं.