दोन मॉनिटर आणि साखरपुड्याची साडी

मंडळी, आज सकाळी मॉनिटर घ्यायला आम्ही दोघं हडपसरला गेलो. निवृत्तीनंतर मी जुने फोटो संगणकावर दुरुस्त करते.

विक्रेता म्हणाला, "आजी, तुम्हाला स्वस्तातला पुरेल."

"मी मॉनिटर विचारलाय, माझं वय नाही," मी म्हटलं आणि आमच्या साखरपुड्याचा फोटो स्वस्तातल्या आणि महागड्या अशा दोन्ही पडद्यांवर लावायला सांगितला.

घरून स्वस्तातलाच घ्यायचा म्हणून निघालेले आमचे हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "महागडाच घे. स्वस्तातल्यावर साडी लाल दिसते. ती डाळिंबी होती."

या माणसाने आजवर माझी एकही नवी साडी ओळखलेली नाही.

महागडा मॉनिटर घरी आलाय. आता सांगा, इतकी वर्षं जपलेल्या तक्रारीचं मी काय करू?