हिरव्या धाग्याचा गरुड

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक मोठा स्टीलचा डबा आहे. तो मी भांडेवालीकडून घेतला आणि त्याच्या बदल्यात बाबांचा हवाई दलातला निळा कोट दिला. एवढं एक वाक्य बोलायला मला तेरा वर्षं लागली.

झालं असं. दिवाळीची आवराआवर चालू होती. बाबा मूर्तिजापूरला आत्याकडे गेले होते. राजापेठेतल्या आमच्या ओट्यावर बसून भांडेवाली जुने कपडे उजेडात धरून पाहत होती आणि नाक मुरडत होती. दोन साड्या झाल्या, एक पँट झाली, तरी तिचं आपलं "अजून एक टाका, ताई" चालूच. घासाघीस करण्यात मी स्वतःला फार हुशार समजायचे. तरातरा आत गेले, पेटीतला कसर लागलेला कोट काढला आणि तिच्या गठ्ठ्यावर टाकला. बाहीवर गरुडाचा बिल्ला होता. तो मला दिसला नाही असं नाही. दिसला. पण डबा छान होता.

बाबा विमानं उडवणारे नव्हते, दुरुस्त करणारे होते. त्यांची सगळी नोकरी तो बिल्ला लावून झाली. गरुडाचा एक पंख उसवला तेव्हा आईने तो हिरव्या धाग्याने शिवला, कारण घरात निळा धागा नव्हता. "आमचा गरुड पोपटाच्या घरचा जावई व्हय," असं बाबा पाहुण्यांना सांगायचे आणि आई लाजून आत जायची.

कोट गेल्याचं त्यांना परत आल्यावर लगेच कळलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच देला." मी तेव्हा सासर सोडून नुकतीच परत आले होते आणि बाबा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. त्यात आणखी भर नको, असं तिनं ठरवलं असणार. आणि मी? मी गप्प बसले. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त त्या डब्यातलं खाणं सोडलं. आईही हट्टी. दर दिवाळीला त्याच डब्यात चिवडा भरायची आणि बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवायची. बशी तशीच परत यायची. अकरा दिवाळ्या असंच चाललं, मग आई गेली. त्याला आता दोन वर्षं झाली.

यंदा मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी अकोल्याच्या कुठल्याशा छोट्या संग्रहालयात काढलेले फोटो दाखवले. एका फोटोत काचेमागे सैनिकांचे बिल्ले होते, टोप्यांवरचे, खांद्यांवरचे, बाह्यांवरचे. त्यातल्या एका गरुडाचा पंख हिरवा होता. मी तो फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. बाबांचं हृदय आता फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून तेव्हा महिना झाला होता.

दुसऱ्या दिवशी एकटीच अकोल्याला गेले. संग्रहालय म्हणजे एका म्हाताऱ्या चाचांच्या घरातल्या दोन खोल्या. चाचांनी जन्मभर जुन्या कपड्यांचा धंदा केला होता आणि गठ्ठ्यात सापडलेला एकही बिल्ला चिंध्यांत जाऊ दिला नव्हता. आमच्या गरुडाखाली चिठ्ठी होती: "हवाई दल. बाहीचा बिल्ला. कोणाचा ते माहीत नाही." मी हात जोडले, रडले, शेवटी भांडलेसुद्धा. लाज कशाची ती उरलीच नव्हती.

"बेटी, हा पाठीमागून चिकटवला हाय," चाचा म्हणाले. "काढाले गेलो तं पयले तो हिरवा धागाच तुटन. तू तुह्या अब्बाले घेऊन ये. त्यायचं नाव लिहितो खाली. इतकंच माह्या हाती हाय."

डॉक्टर प्रवास नको म्हणाले. तरी मी गाडी करून बाबांना नेलं. कुठे चाललोय ते सांगितलं, पण खरं सांगायचं होतं ते राहिलंच. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा ते अगदी ओठांवर आलं होतं. चहाबरोबर गिळून टाकलं.

काचेपुढे बाबा वाकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हा तं माहाच व्हय," ते म्हणाले. हिरव्या पंखाच्या जागी त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि ते तिथून उचलेनात.

चाचांनी नोंदवही उघडली. बाबांचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, 'कोणाकडून आला'.

"भांडेवालीले कोणं देला होता जी?" चाचांनी विचारलं.

"लिहा, माह्या बायकोनं," बाबा म्हणाले.

आता नाही तर कधीच नाही. "नाही बाबा. मी देला. आईनं माह्या चुकीवर पांघरूण घातलं."

चाचांचं पेन थांबलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. काचेतच पाहत ते म्हणाले, "मंग तिनं मले काहून नाही सांगतलं?"

ती सांगत नव्हती, कारण मी सांगत नव्हते. चाचांनी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि वही मिटली.

घरी आल्यावर बाबा चपला न काढताच सरळ स्वयंपाकघरात गेले. दम लागला होता, तरी हात उंच करून फळीवरचा डबा काढला. मी धरायला धावले तर कोपराने मला बाजूला केलं. झाकण उघडून आत हात घातला.

"चिवडा नाही यात?"

"आई गेल्यापासून भरलाच नाही, बाबा."

हात डब्यातच राहिला. "किती दिवाळ्या पुढं केला तिनं मले," ते म्हणाले. "एक डाव तं खायाले पायजे होता मी."

मग ते डबा पोटाशी धरून फरशीवर बसले. मी समोर बसले. मला शिव्या द्या, मारा, काहीतरी करा, असं विनवत राहिले. त्यांना ते ऐकू येत नव्हतं. ते रिकाम्या डब्याचा तळ बोटांनी चाचपत होते.