दुसरं पायडल

"उचललाय, पाय उचललाय मी, थांबत नाय ही," बायको ओरडत होती.

"अजून उचल," मी तिच्याहून मोठ्यानं ओरडलो.

तिनं दुसराही पाय उचलला. दोन्ही पाय सीटवर घेऊन, पाटावर जेवायला बसल्यासारखी ती स्टिअरिंगमागं बसली आणि आमची सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या उतारावरून, चाकांना तूप लावल्यासारखी, आवाज न करता खाली निघाली.

खाली वळण होतं. वळणावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं अंगण, अंगणात बांधलेली म्हैस आणि म्हशीच्या डावीकडं पेंढ्याची उडवी. उडवी साधारण माथेरानएवढी. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच शब्द यायला हवा होता, तो म्हणजे ब्रेक. गाड्यांवरची आठ पुस्तकं मला पाठ असतील, पण तो शब्द आला नाही. काय आलं, तर गाडीत मागच्या सीटवर सासूबाईंसाठी घेतलेले चिकू आहेत.

बायकोनं स्टिअरिंग डावीकडं ओढलं आणि आम्ही उडवीत शिरलो. काचेबाहेर सगळीकडं पिवळा अंधार. गाडी थांबली. म्हशीनं मान वळवूनही पाहिलं नाही, कारण तिला काही ऐकूच गेलं नव्हतं.

थोड्या वेळानं खिडकीवरचा पेंढा बाजूला झाला आणि म्हाताऱ्याचा चेहरा दिसला.

"कोण हाय रं आत?"

"आम्ही," मी म्हणालो.

"बरं. चा घेता काय?"

आता असं कसं झालं ते सांगायला हवं, आणि त्यात माझा दोष शक्य तितका उशिरा सांगेन म्हणतो.

ही गाडी मी पुण्याच्या एका डॉक्टरकडून घेतली. तिची एक खुबी होती. रेसवरचा पाय काढला की ती आपोआप मंदावायची, वर त्यातून बॅटरीत चार्ज भरायची. डॉक्टरांनी ती सेटिंग सगळ्यात कडक ठेवली होती. पाय काढला की मागून कुणी शेपटी धरल्यासारखी गाडी जागच्या जागी. ब्रेकला पाय लावायची गरजच पडत नसे.

त्याच वेळी बायकोची बदली लोधिवलीच्या पुढच्या एका शाळेत झाली. आधी टमटम, मग एसटी, मग पायी. वर्गात पोचेपर्यंत तिचा अर्धा जीव रस्त्यात सांडलेला. म्हणून ठरलं की ती गाडीनं जाईल. लायसन्स तिनं कॉलेजात असताना काढलं होतं, त्यानंतर वीस वर्षं स्टिअरिंगला हात नाही. येत्या सोमवारपासून ती एकटी जाणार होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची वाट न बघता घरून निघेन, असं ती दोनदा बोलून गेली होती, आणि ती एक गोष्ट दोनदा बोलणाऱ्यातली नाही.

शिकवलं मी. कर्जतच्या मैदानावर महिनाभर. "एकच पायडल गं. दाबलं की चालते, सोडलं की थांबते."

"आणि हे दुसरं?"

"ते शोभेला."

गाडीच्या पूजेतली लिंबं उरली होती. मी मैदानात लिंबू ठेवायचो आणि ती पाय काढून गाडी अशी थांबवायची की टायर लिंबाला टेकेल, पण लिंबू फुटणार नाही. बघायला खालापूरपर्यंतची माणसं यायची. तिच्या पायाला ते एकच पायडल ठाऊक झालं होतं. ब्रेक नावाची वस्तू तिच्या शरीरातच नव्हती, आणि ती तिथं नाही हे मला उडवीत शिरेपर्यंत कळलं नव्हतं. त्या दिवशी सासूबाईंकडं जाताना उताराच्या माथ्यापर्यंत गाडी मीच चालवली होती, जुन्या सवयीनं ब्रेक दाबत, आणि तिथं तिला बसवलं होतं.

चहा घेऊन आम्ही तिघांनी पेंढा उपसला. गाडीला ओरखडा नव्हता. बायको पुन्हा आत बसली आणि पडद्यावरच्या सूचना वाचू लागली. शाळेतली बाई आहे, आलेला कागद ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

"अपडेट पूर्ण झालं," तिनं वाचलं. "ब्रेकिंगचा अनुभव आता अधिक सहज. आधीच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणल्या आहेत."

"म्हणजे त्यांनी परस्पर बदललं," मी म्हणालो. "वरून. उपग्रहातनं करतात. सामान्य माणसानं करायचं काय?"

"खाली लिहिलंय. मालकाच्या संमतीनं. आज सकाळी सहा चाळीस."

मी म्हशीकडं बघितलं. म्हशीनंही मान फिरवून मला वाऱ्यावर सोडलं.

आठ दिवस तो पडदा विचारत होता, आता करू की नंतर. त्या सकाळी वैतागून मी न वाचता 'मान्य आहे' दाबलं होतं आणि अंघोळीला गेलो होतो. एका बोटानं मी माझ्या बायकोच्या पायाखालची गाडी बदलली होती. हे कळलं तेव्हा मी शर्टावरचा पेंढा एकेक काडी करून वेचत बसलो.

"सहा चाळीसला मी पोळ्या करत होते," ती एवढंच म्हणाली.

म्हातारा म्हणाला, "पोरी, उडवीत कशी काय घातलीस पण?"

"दुसरीकडं म्हस होती."

माझ्या तोंडून जो ब्रेक निघाला नव्हता त्याचं काम तिच्या हातानं केलं होतं, आणि मी त्याला इतका वेळ नशीब समजत होतो.

रविवारी ती मैदानावर गेली. मला नेलं नाही. मी सायकलवरून मागोमाग गेलो आणि कुंपणाबाहेर उभा राहिलो. तिनं ती आपोआप मंदावायची सेटिंग पार बंद करून टाकली होती. लिंबू ठेवलं, आली, ब्रेक दाबला, लिंबू फुटलं. दुसरं फुटलं. मैदानभर लिंबाचा वास. मी मोजायचं सोडलं. उन्हं उतरता उतरता एक लिंबू टायरला टेकून तसंच राहिलं. ती खाली उतरली, ते उचललं, पदराला पुसलं आणि पर्समध्ये टाकलं.

घरी आल्यावर मी बरीच तयारी करून बोललो. म्हटलं, झालं ते झालं, मला झोप लागत नाही, उद्यापासून रोज मीच सोडतो तुला, रोज आणतो, तू गाडीचं डोक्यातून काढून टाक.

ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या पोळ्या तुमी करा. गाडीचं मी बघते."