नवीला की नव्याला

उत्तनच्या ऑड्रेला १९६७ साली मिशनच्या सिस्टरांनी नर्सिंग शिकायला जर्मनीत पाठवलं. बाप ऑगस्टीन मासेमारीला जायचा. घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच.

भाषा तिला झेपेना. 'नवा माणूस'चं 'नव्या माणसाला' आपल्यातही होतं; पण तिथे नामाआधी लागणारा छोटा शब्दही पालटायचा. पुरुषाला 'डेअर', बाईला 'डी', असं ती घोकून बसली होती. आणि बाईला काही द्यायचं म्हटलं, की 'डी'चं पुन्हा 'डेअर' व्हायचं! हे वहीत कळायचं, कानाला कळत नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी दोन नवे रोगी आले. एक म्हातारा, एक मधुमेहाची बाई. मोठ्या नर्सने इन्सुलिनची सुई भरून ऑड्रेच्या हाती दिली आणि धावपळीत म्हणाली, "डेअर नॉयन!" म्हणजे नवीला दे. ऑड्रेने 'डेअर' ऐकलं आणि म्हाताऱ्याच्या दंडात सुई टोचली. त्याने हसून तिचे आभार मानले. दुपारी रक्तातली साखर उतरून तो गेला.

"मी बरोबरच बोलले होते," चौकशीत मोठी नर्स म्हणाली. ते खरंच होतं. ऑड्रेला परत धाडलं.

"काय झाला गो?" आईने विचारलं.

"भाषा जमली न्हाय."

बाकीचं गावाने मनाला येईल तसं जोडलं. तिचं लग्न झालं नाही. ती बोंबील सुकवत राहिली. कुणी आजारी पडलं, तर त्या घराकडे फिरकायची नाही.

१९७५मध्ये शेजारची टेरेझा नर्सिंगसाठी जर्मनीला निघाली आणि भाषा शिकायला तिच्याकडे येऊ लागली. ऑड्रे रोज तेच घोकवून घ्यायची. नव्याला, डेम नॉयन. नवीला, डेअर नॉयन.

"कंटाला आला, ऑड्रेबाय. दुसरा काय तरी शिकव ना."

"यानं माझे हातून मानूस मेला," ऑड्रे म्हणाली, आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं सांगून टाकलं.

टेरेझा घाबरली. तिने आईला सांगितलं, आईने गावाला. टेरेझा ठरल्याप्रमाणे गेली, पण निरोप घ्यायला आली नाही.

ऑगस्टीन तेव्हा दम्याने अंथरुणाला खिळला होता. लेकीला तो एका शब्दाने बोलला नाही. फक्त तिच्या हातचं औषध घेईना. ऑड्रे मग बाटली वहिनीच्या हाती द्यायची आणि अंगणात जाऊन उभी राहायची.