दाजींचा कान

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, ट्रकचे मिस्त्री. तीस वर्षं त्यांच्या गॅरेजात एकच कायदा: गाडीचा आवाज दाजी ऐकणार, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. "मिस्त्री, खडखड होतंय हो," असं एखादं गिऱ्हाईक बोललं की ते उखडायचे. "तुम्ही सांगितलंत की मलाही तेच ऐकू येतं. गप्प बसा!" मग डोळे मिटून, मान वाकडी करून ते अचूक दुखणं सांगायचे. अशा माणसापुढे मी कशाला तोंड उघडतोय?

त्या सकाळी माझाच म्हातारा ट्रक त्यांच्या दारात अडून बसला. मी चावी फिरवली. खालून 'टक' झालं, पण इंजिन ढिम्म. "परत," दाजी डोळे मिटून म्हणाले. परत टक. "चावीपासून खाली करंटच जात नाही," असं म्हणून ते डॅशबोर्डखाली घुसले.

मी चक्रावलो. टक होतंय म्हणजे करंट स्टार्टरपर्यंत पोचतोय, एवढं माझ्यासारख्या ड्रायव्हरलाही कळतं. पण म्हटलं, दाजीच ते, त्यांना काही वेगळं जाणवलं असेल. त्यांनी चावीचा स्विच बदलला. टक. रिले बदलला. टक. करंट तपासायचा टेस्ट लॅम्प स्टार्टरच्या वायरीला लावला, तर दिवा लख्ख पेटला. दाजी दिव्याकडे बघतच बसले. "हे कसं काय बुवा?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

समोरच्या नव्या गॅरेजातली मंडळी दारात उभी राहून मजा बघत होती. सख्ख्या मेहुण्याचा ट्रक ओढत तिकडे नेला असता, तर दाजींकडे कुत्रंही फिरकलं नसतं. माझं डोकं पार भंजाळलं. वैतागून मी पुन्हा चावी फिरवली.

ताई डबा घेऊन आत येत होती. "अगोबाई, वाजलं की काहीतरी!"

"काय वाजलं?" दाजींनी विचारलं.

ताईनं हातातल्या डब्याकडे नजर वळवली. माझ्याकडे बघेचना. आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. त्यांच्या घरी टीव्ही एवढा मोठ्यानं का लागतो, दाजींना दोनदा हाक का मारावी लागते, सगळं कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सकाळपासून मी मुकाट बसून होतो!

ताईला केबिनमध्ये चढवलं. दाजींचा हात धरून त्यांचा तळवा स्टार्टरवर टेकवला. "ताई, फिरव चावी."

तळव्याला ठोका बसला. दाजींचा चेहरा उतरला.

"सकाळपासून होतंय हे?"

"पहिल्यापासून, दाजी."

 ते ट्रकखाली सरकले. करंट परत बॅटरीकडे नेणारी इंजिनाची अर्थिंगची वायर गंजून सैल झाली होती. ती खरवडली, बोल्ट आवळला. ट्रक धडधडत सुरू झाला आणि समोरची मंडळी आत गेली.

दाजी नेहमीसारखे डोळे मिटून, मान वाकडी करून उभे राहिले. मग डोळे उघडून माझ्याकडे वळले.

"सांग रे, आवाज कसा येतोय?"