रविवारचं निबचं टेबल
लकडगंजात एका वखारीमागच्या खोलीत गिरिधर चाळीस वर्षं लेथवर शाईची पेनं घडवत आला. ती विकली जात धरमपेठेतल्या दीप्तीच्या दुकानात. दीप्तीचा भाऊ अश्विन नोकरीला जपानात, ओसाकाला होता. त्यानं एकदा फोनवर सांगितलं, की इकडे पेन बनवणारा कारागीरच दुकानात येऊन बसतो. गिऱ्हाईक चार ओळी लिहून दाखवतं आणि त्या हाताला बसेल अशी निब तो तिथल्या तिथे घासून देतो.

दीप्तीनं दारापाशी टेबल मांडलं. "काका, दर रविवारी तुम्ही इथं बसायचं."

आपल्या पेनांनी लिहितं कोण, हे गिरिधरला तेव्हा साठीत पहिल्यांदा दिसलं. कोण डावखुरं, कोण कागद फाटेस्तोवर दाबून लिहिणारं. तो नाव विसरायचा, अक्षर विसरायचा नाही. सहा वर्षं असे रविवार गेले.

मग उजवा हात थरथरू लागला. कप बशीवर वाजायचा. पण निब धरली की थरथर आपोआप थांबते, असं तो बायकोला, रुखमाबाईला, छातीठोक सांगायचा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सोनिका नावाची शिक्षिका आली. "काका, काय सुरेख चालतंय पेन! पुण्याहून दुरुस्त होऊन आल्यापासून एकदाही अडलं नाही."

"पुण्याहून?"

ती गोंधळली. काउंटरमागे दीप्तीचा चेहरा उतरला. सोनिका गेल्यावर गिरिधरनं विचारलं, "मी घासलेली किती पेनं पुण्याले पाठवली वं?"

"जाऊ द्या ना, काका."

"किती?"

"दिवाळीपासून... सगळीच."

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "मले काहून नाही सांगितलं? मी लोकायच्या निबा खराब करून राहिलो, अन् तू मले चहा पाजून राहिली."

दीप्तीला रडू फुटलं. "तुम्ही नुसते बसा, काका. लोक तुम्हाला भेटायला येतात."

"नुसतं बसाले मी पाहुणा हाओ का?"

त्यानं भिंग पुसून डबीत ठेवलं, खुर्ची आत सरकवली आणि निघाला.

पुढच्या रविवारी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसला. दहा वाजले, अकरा वाजले.

"जायाचं नाही का आज?" रुखमाबाईनं विचारलं.

"दुकान बंद हाये."

त्याच्या पुढच्या रविवारीही दुकान बंदच होतं. तिसऱ्या रविवारी रुखमाबाईनं शर्टाला इस्त्री केली नाही, आणि त्यानंही मागितला नाही.