थांबबाईंचा कान

निबंध तपासताना बाई वही हातात घेत नसत. मुलाला समोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावत आणि स्वतः डोळे मिटून ऐकत. मध्येच त्यांचा हात वर जाई. "थांब. हे कोण बोलतंय?" मूल गोंधळे, हसे, आणि मग कबूल करी की ते वाक्य गाइडातलं आहे. मानवतजवळच्या आमच्या शाळेत सगळे त्यांना पाठीमागे थांबबाई म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. मी शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवायचो. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांचं 'थांब' ऐकून कधी कधी मीच बोलायचा थांबायचो.

मग मोबाइल निबंध लिहून द्यायला लागला. विषय सांगायचा अवकाश, की निबंध तयार. पोरं तो वहीत उतरवून आणू लागली. शुद्धलेखन चोख, भाषा गुळगुळीत. आमच्यातल्या काहींना तर तपासायचं काम हलकं झालं म्हणून बरंच वाटलं. मुख्याध्यापक म्हणाले, असे निबंध आणणाऱ्यांना सरळ शून्य द्या. बाई म्हणाल्या, "सर, मोबाइलवर माझा राग नाही. पण पोरांना वाटायला लागलंय, की आपण घरात बोलतो ते कागदावर लिहायच्या लायकीचं नाही. ते शून्य देऊन कसं जाणार?"

नववीतली मीरा 'माझी आई' वाचत होती तो दिवस मला आठवतो. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती गावात मावशीकडे राहायची. निबंधातली आई मात्र पहाटे उठून तुळशीला पाणी घालत होती आणि लेकीला कुशीत घेऊन गोष्टी सांगत होती. बाईंचं 'थांब' मला ऐकू आलं.

"तुझी आई कुठंय आत्ता?"

"कोयत्यावर गेलीय बाई."

"फोन येतो?"

मीराचा बारीक आवाज भिंतीपलीकडून आला. "येतो. आई बोलायली की मागून ट्रॅक्टरचा आवाज येतो. जेवलीस का, एवढंच इचारती. मी हो म्हणते. मंग दोघीबी गपच ऱ्हातो. ठेव म्हणत न्हाई कुणी."

"हे लिही," बाई म्हणाल्या. "जसं सांगितलंस तसंच."

मीरानं लिहिलं. बाईंनी तो निबंध तालुक्याच्या स्पर्धेला पाठवला आणि तो पडला. बक्षीस मिळालेला निबंध सभागृहात वाचला गेला. त्यातली आईही पहाटे उठून तुळशीला पाणी घालत होती. मीही सोबत गेलो होतो. परतताना एसटी स्टँडवर मीरा बाईंवर उखडली. "तुमीच म्हणला होता तसं लिही म्हणून. सगळ्यांसारखं लिहिलं असतं तर आलाच असता माझा नंबर." मला वाटलं, बाई समजूत घालतील. त्या एवढंच म्हणाल्या, "हो. मीच म्हणाले होते." गाडीत मीरा दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

हंगाम संपला, ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. बाई मला म्हणाल्या, "सर, मला जरा तुमच्या गाडीवर मीराच्या घरी सोडा." मीराच्या आईनं अंगणात पोतं अंथरलं, चहा टाकला. तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी मीराला निबंध वाचायला सांगितला. ती नाखुशीनं, मान खाली घालून वाचू लागली. बाईंचे डोळे मिटलेले. हात एकदाही वर गेला नाही.

वाचून झाल्यावर मीराच्या आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मी एवढंच इचारते व्हय गं? लय मनात येतं बघ. पर टोळीतले सगळे ऐकायलेत, तिथं काय बोलावं?" आणि मग ती सांगू लागली. राहायच्या कोपीत पाणी शिरलं ती रात्र, कोयता लागून सुजलेला हात, उसाच्या फडात एकटीच पुटपुटलेलं सगळं. मीरा सरकून तिच्याजवळ गेली. बाई हळूच उठल्या. आम्ही निघालो ते दोघींना कळलंही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाई गेल्या. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच दिवशी टोळी पुन्हा निघायची होती. ट्रॅक्टर भरून उभा, मुकादम घाई करत होता. मीराची आई त्यातून खाली उतरली. "तुमी व्हा पुढं, मी उद्या एसटीनं येते," असं नवऱ्याला सांगून लेकीला घेऊन ती बाईंच्या दारात आली.

बाईंचा मुलगा पुण्याहून नुकताच पोचला होता. त्यानं विचारलं, "आपण कोण?"

मीराच्या पाठीवर हात ठेवून तिची आई म्हणाली, "बाईनं आमची गाठ घालून दिली."

त्याला काही उमगलं नाही. तरी त्यानं बाजूला होऊन आपल्या आईच्या उशाशी दोघींना बसायला जागा करून दिली.